मामाचा पहिला नंबर

मामाचं दुकान गोव्यातल्या फोंड्यात, तिस्क नावाच्या नाक्यापासून आत शिरणाऱ्या एका गल्लीत. मोटर रिवाइंडिंगचं. विहिरीवरचा पंप जळला, गिरणीची मोटर बसली, पंखा फिरायचं सोडून नुसता गुणगुणायला लागला की लोक तिकडे येतात. आत गेलं की आधी वार्निशचा वास येतो, मग डोळे सरावले की दिसतं, मामा हाताने फिरवायच्या मशीनवर तांब्याची कॉइल गुंडाळतोय आणि ओठ हलतायत, कारण मशीनचा काउंटर कधीचा बंद पडलाय आणि फेरे तोंडानेच मोजायचे असतात. तेव्हा कोणी काही विचारलं तर डावा हात वर. थांब. मोजून झालं की मग "बोल". जळलेली मोटर उघडली की आधी जुने फेरे मोजून तो लाल वहीत लिहून ठेवतो, कुठला पंप, कितीची वायर, कुठल्या कॉइलला किती फेरे, अशा अकरा वह्या झाल्यात आता, आणि मामाचं म्हणणं असं की चोर आला तर तांबं नेऊ दे, वह्या नेऊ नयेत.

तर अशा माणसाने कोणालाही न सांगता बारा हजार रुपये भरले. वर्षाचे. फोनवरच्या मुलाने सांगितलं होतं, सर, तुमचं दुकान गूगलवर पहिल्या नंबरावर आणून देतो.

मामीला कळलं पासबुक भरून आणल्यावर. मग मला बोलावणं. मी इथल्या दुकानदारांचे जीएसटी रिटर्न भरते, त्यामुळे घरात ज्या वस्तूला बटण असतं ती सगळी माझ्या खात्यात जमा. तो मुलगा गूगलचा माणूस म्हणून बोलला होता, आणि मामाला वाटलं टेलिफोन खात्याकडून बोलावं तसं कोणीतरी सरकारी बोलतंय. तसं काही नसतं. गूगलच्या नकाशावरची दुकानाची नोंद फुकट असते, आणि वर दिसण्यासाठी आम्ही पैसे घेत नाही हे गूगलने स्वतःच्याच मदतीच्या पानावर सरळ लिहून ठेवलंय. जाहिरात विकत मिळते, पण ती जाहिरात म्हणून शिक्का मारूनच दिसते, तो वेगळा हिशोब.

मोबाईलवर दुकान शोधलं तर मलाच ओळखेना. देवीच्या नावाचं साधं दुकान (नाव लिहीत नाही, तालुक्यात त्या नावाची पंधरा तरी असतील) आणि तिथे लिहिलेलं 'बेस्ट मोटर रिवाइंडिंग पंप रिपेअर इलेक्ट्रिशियन निअर मी फोंडा पणजी मडगाव म्हापसा गोवा'. निअर मी! दुकानाच्या नावात! मी विचारलं, मामा, निअर मी म्हणजे कोणाच्या निअर? तो म्हणाला, लोक तसंच टाइप करतात म्हणे. करतात की, पण ते शब्द नावात शोधायला गूगल बसलेलं नसतं, टाइप करणाऱ्याचा फोन कुठे आहे ते बघतं आणि आजूबाजूचं दाखवतं.

मामाचा हिशोब मला कळत होता. त्याने पहिला बोर्ड रंगवून घेतला तेव्हा पेंटर अक्षरामागे पैसे घ्यायचा, म्हणून बोर्डावर दोनच ओळी बसल्या आणि बाजूच्या दुकानवाल्याने मात्र चार ओळी रंगवल्या. ती सल कुठेतरी राहिलेली. इथे अक्षरं फुकट, मग घाला की किती ती. आता गंमत अशी की नावात शब्द कोंबले की कधीकधी खरंच वर दिसतं, खोटं कशाला सांगू, म्हणून तर लोक करतात. पण नियम असा की बोर्डावर जे नाव तेच नोंदीवर, आणि शेजारच्या कोणीही बोट दाखवलं की गेलं.

कॅटेगरी इलेक्ट्रिशियनची. मुख्य कॅटेगरी एकच असते, वर अजून नऊ घालता येतात, आणि मोटर दुरुस्तीवाल्यांची वेगळी कॅटेगरी यादीत होतीच, पण इलेक्ट्रिशियन जास्त शोधलं जातं म्हणून त्या मुलाने ती टाकली. परिणाम काय, तर मामाला फोन येऊ लागले की एमसीबी पडतोय, पंख्याचा हूक लावून द्या, आणि एकाने तर गाडीचं ऑइल बदलून मिळेल का विचारलं, कारण मोटर म्हटल्यावर मराठी माणसाला आधी गाडीच आठवणार. फोन वाढले हे खरं. मामा सुरुवातीला खूश पण होता, बघ गो, फोन थांबत नाही. दिवसाला वीस फोन आणि त्यातला कामाचा एखादा. एकदा कणकवलीकडच्या माणसाने फोन केला, फोंड्यात ना तुम्ही, बाजारात कुठे? दहा मिनिटं दोघं एकमेकांना खुणा सांगत राहिले, मामा तिस्क सांगतोय, तो घाटाखालचं देऊळ सांगतोय, शेवटी लक्षात आलं की तो फोंडाघाटचा. त्यांच्याकडेही त्याला नुसतं फोंडाच म्हणतात. ह्यात कोणाची चूक नाही, नावंच तशी. आमच्याकडे तर एकेका गावाची तीन स्पेलिंगं, डिचोली म्हणा, दिवचल म्हणा, बिचोली म्हणा, आणि काही जण सगळी स्पेलिंगं नोंदीतल्या वर्णनात ओळीने घालून ठेवतात. मी फोंडा मराठीत टाकून बघितलं, पोंडा म्हणून इंग्रजीत टाकून बघितलं, दुकानं बरीचशी तीच आली. साडेसातशे अक्षरांचं ते वर्णन माणसाला वाचायला असतं, मंत्र म्हणून नसतं.

मग ते पहिल्या नंबराचं. मामा मला दाखवायला लागला, हे बघ, टाकून बघ, पहिलाच येतो. दुकानात बसून टाकलं तर खरंच पहिला. मी म्हटलं, तुझ्याच दुकानात उभं राहून तुझं दुकान पहिलं आलं तर त्यात नवल काय? त्याला पटेना. म्हणून एका रविवारी मी स्कूटर काढली. फर्मागुडीला इंजिनिअरिंग कॉलेजच्या चढावर थांबून टाकलं तर दुसरा. म्हार्दोळला देवळासमोर थांबले, फुलवाल्या बायका बघतायत ही काय करते, तिथे चौथा, म्हणजे नकाशाखाली जी तीन दुकानं दिसतात त्यात नाहीच, पुढचं बटण दाबायला लागतं. आधी तिथे सात दिसायची, २०१५ च्या ऑगस्टमध्ये तीन केली, तेव्हापासून चौथ्याचे हाल. कुंडईला इंडस्ट्रियल इस्टेटच्या तोंडाशी सहावा. बाणस्तारीला पुलाच्या अलीकडे मी खूप खाली गेले, मामा नाहीच, तिकडची आणि पणजीकडची दुकानं. सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून आणले आणि मामीच्या समोर टेबलावर मांडले.

पहिला नंबर असा एक नसतोच. जितके शोधणारे तितके नंबर. गूगल स्वतः तीन गोष्टी सांगतं, विचारलेल्याशी तुमचं काम किती जुळतं, तुम्ही किती जवळ आणि तुमचं नाव किती झालेलं, आणि त्यातली मधली कोणाच्या बापाला बदलता येत नाही, दुकान उचलून न्यायचं असेल तर गोष्ट वेगळी. त्या मुलाने सर्व्हिस एरियात, म्हणजे कुठे-कुठे कामाला जाता त्या रकान्यात, गोव्याचे बाराही तालुके टाकले होते. वीसपर्यंत जागा टाकता येतात, टाका की, पण त्याने एवढंच कळतं की हा माणूस काणकोणलाही जायला तयार आहे. काणकोणला तो वर दिसत नाही त्याने. (आणि मामा काणकोणला जात पण नाही, केप्याच्या पुढे गेलं की त्याला चहा बरा लागत नाही.)

त्याहून वाईट काम म्हणजे म्हापशाची खोटी नोंद. कोणाचा पत्ता टाकला होता देव जाणे. एका शुक्रवारी, म्हणजे म्हापशाच्या बाजाराच्या दिवशी, अशा गर्दीत एक माणूस पिकअपमध्ये एक एचपीचा पंप घालून तो पत्ता शोधत फिरला, तिथे निघालं शिवणकामाचं दुकान. फोन नंबर मामाचाच होता, त्यावरून त्याने फोंड्याची नोंद शोधून काढली आणि एक स्टार दिला, पत्त्यावर दुकानच नाही म्हणून. मामा दोन दिवस जेवला नीट नाही. अडतीस वर्षांत माझं काम कोणी परत आणून दिलं नाही, म्हणतो. काढून टाक ते. आता हा दुसरा समज, वाईट रिव्ह्यू मालकाला काढता येतो हा. नाही येत. शिवीगाळ असेल, खोटा असेल, नियमात बसत नसेल तर तक्रार करता येते, पण हा माणूस तर खरं बोलत होता. त्याच्या खाली मी मामाच्या नावाने लिहिलं, चूक आमची, म्हापशाला आमचं दुकान नाही, तुमचा वेळ गेला, माफ करा. तो काही परत आला नाही. एक स्टार अजून तिथेच आहे.

आणि वर पाच-पाच स्टारांचे तीस रिव्ह्यू, एका आठवड्यात पडलेले, पॅकेजमधले. मी वाचायला घेतले आणि हसू आवरेना. 'नाइस अँबियन्स'. मामाच्या दुकानात! जिथे बसायला एक स्टूल आणि त्यावर पण कपॅसिटरचा डबा ठेवलेला. 'स्टाफ इज व्हेरी कोऑपरेटिव्ह'. स्टाफ म्हणजे एकटा मामा आणि फेरे मोजताना तो बोलत पण नाही. ते पुढे आपोआप गळून गेले, बरं झालं. मग मामाने स्वतःची शक्कल काढली, पाच स्टार देणाऱ्याला पन्नास रुपये कमी. तेही बंद करायला लावलं, कारण रिव्ह्यूच्या बदल्यात काही देणं नियमाविरुद्ध आहे, आणि २०१८ पासून तर फक्त खूश गिऱ्हाईकांना निवडून विचारायचं आणि बाकीच्यांना गुपचूप घालवायचं हेही चालत नाही. विचारायचं तर सगळ्यांना विचारा. मामाला हे फार जड गेलं, रिव्ह्यू मागणं म्हणजे त्याला स्वतःच्या लग्नात स्वतःच पंगत वाढायला उठल्यासारखं वाटतं. शेवटी मी क्यूआर कोडचा एक कागद छापून दिला, काउंटरवर चिकटवला, लोक आपले स्कॅन करतात नाहीतर नाही करत.

मे महिन्यात नोंद सस्पेंड झाली. नाव नियमात नव्हतं, कोणीतरी बोट दाखवलं असणार, आणि मामाला शेजारचा चार ओळींचा बोर्डवाला आठवतो पण तो काही कबूल करत नाही. पॅकेजवाल्या मुलाने फोन उचलणं सोडून दिलं होतं. मे म्हणजे मामाचा सिझन, विहिरीतलं पाणी तळाला जातं, पंप पाण्याऐवजी हवा ओढायला लागतो, सील जळतं, मग वाइंडिंग जळतं. आणि नेमकं तेव्हा दुकान नकाशावर नाही. मी अपील केलं, नगरपालिकेचं ट्रेड लायसन्स, विजेचं बिल, बोर्डाचा फोटो, नाव बोर्डावर आहे तेवढंच. मग व्हिडिओ मागितला. न थांबवता एका दमात शूट करायचा, रस्त्यावरून बोर्डापर्यंत, आतली अवजारं, आणि हे दुकान तुमच्या ताब्यात आहे हे दिसलं पाहिजे. मामाने त्यासाठी गणेश चवथीला घालतो तो शर्ट घातला. मी गल्लीच्या तोंडापासून मोबाईल धरून चालले, मामा पुढे, कुलपाला किल्ली लावताना त्याचा हात थरथरला, शटर अर्ध्यावर अडकलं, तो खांद्याने ढकलून वर गेला, आत वाइंडिंग मशीन, भिंतीवर टांगलेल्या जुन्या कॉइली, लाल वह्या. एका वहीवर जाऊन मामा थांबला आणि कॅमेऱ्याला म्हणाला, ही माझी अक्षरं. आवाजही गेला असेल तिकडे. ज्याने बघितलं त्याला काय कळलं कोण जाणे, पण नोंद परत आली.

मधल्या दिवसांत मामा मला सारखा म्हणायचा, बघ, गर्दी तीच आहे, कुठे काय अडलं? आणि दुकानात खरंच पंप ठेवायला जागा नव्हती. मला पण क्षणभर वाटलं, खरंच की. आमच्याकडे पदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा, कुठे गूगलवर असतो, सकाळी पों पों वाजलं की माणूस आपला उंडे, म्हणजे गोल पाव, घ्यायला बाहेर येतोच. मग मी मामाचा फोन घेतला आणि कॉलची यादी बघितली. नाव सेव्ह नसलेले नंबर, जे आधी रोज यायचे, ते जवळजवळ बंद. मामाला कळलं नव्हतं, कारण न आलेला फोन वाजत नाही.

हे नंबर कोणाचे होते ते मी मग एकेक विचारत गेले. कुर्टीच्या फ्लॅटमध्ये नव्याने भाड्याने आलेलं एक नाशिकचं जोडपं. कुंडईच्या कारखान्यातला सुपरवायझर, तो मूळचा बाहेरचा. एका होमस्टेचा केअरटेकर, मालक दिल्लीत, टाकीत पाणी नाही आणि वर पाहुणे. एक बाई, नवरा बोटीवर, सासूबाई अंथरुणाला, शेजारी बंद घरं. फोंड्यात जन्मलेला एक माणूस त्या यादीत नव्हता. इथल्या माणसाचा पंप जळला तर तो भावाला विचारतो, भाऊ सांगतो अरे तो तिस्काकडचा, कॉइलवाला. ज्याला असा भाऊ नाही तो मोबाईलला विचारतो.

हे डोक्यात बसल्यावर माझं काम सोपं झालं, म्हणजे मी ती नोंद त्या बाईच्या डोळ्यांनी बघायला लागले. फोटोंचंच बघा. पॅकेजवाल्याने चाळीस फोटो टाकले होते, निळ्या गणवेशातले गोरे टेक्निशियन हसत उभे, आणि प्रत्येक फोटोत अक्षांश-रेखांश भरले आहेत म्हणून वेगळे पैसे लावले होते, त्याने म्हणे रँक वाढतो. फोटो चढवताना ती आतली माहिती गळून जाते, पैसे मात्र गळत नाहीत. ते सगळे काढले. गल्लीचं तोंड, कोपऱ्यावरचा पिंपळ, बोर्ड, शटर बंद असताना कसं दिसतं, उघडं असताना कसं दिसतं, पिकअप कुठे लावायचं, आणि मामाचे हात. नकाशावरची पिन मागच्या गल्लीत पडली होती, ती उचलून बरोबर ठेवली. इंटरनेटवरच्या दोनशे डिरेक्टऱ्यांत नोंद हाही पॅकेजचा भाग होता. मला सहा-सात सापडल्या, त्यातल्या दोघांवर शून्य आठ बत्तीसवाला जुना लँडलाइन, जो तोडून दहा वर्षं झाली. तो दुरुस्त केला, बाकी सोडून दिलं. वेबसाइट लागते का म्हणून मामाने विचारलं, शेजारच्याची आहे. शेजारच्याची होती, गूगलच्याच नोंदीतून फुकट बनवलेली, ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली आणि त्याला अजून पत्ता नाही, व्हिजिटिंग कार्डावर छापतोय. असली तर चांगलीच, पण मामाला आत्ता लाल वही नंबर बारा जास्त गरजेची.

भांडण झालं ते वेळेवरून. नोंदीवर होतं चोवीस तास उघडं. त्यात थोडं तथ्य आहे, शोधणाऱ्याच्या वेळी दुकान बंद दिसत असेल तर ते मागे पडू शकतं, म्हणून लोक सर्रास चोवीस तास टाकतात. मग रात्री दोन वाजता फोन, मामी दचकून उठते, कोण गेलं म्हणून. मी लिहिलं, साडेआठ ते एक, साडेतीन ते साडेसात, रविवार बंद, चवथीचे पाच दिवस बंद. मामा म्हणाला, दुपारचं लिहू नको, गोव्याबाहेरचे हसतात, झोपाळू म्हणतात. मी म्हटलं, हसू देत, पण दोन वाजता पंप घेऊन बंद शटरसमोर उन्हात उभा राहिलेला माणूस हसणार नाही, तो लिहिणार. वेळ तशीच ठेवली. तुम्ही एकदा नोंद केली की झालं असं नसतं, कोणीही जाणारा-येणारा सुधारणा सुचवू शकतो, मागे एकदा कोणीतरी 'कायमचं बंद' असं सुचवून ठेवलं होतं, म्हणून मी महिन्यातून एकदा उघडून बघते, रिटर्न भरायच्या तारखेलाच, म्हणजे लक्षात राहतं.

गेल्या आठवड्यात कुर्टीच्या त्या नाशिकच्या मुलाने रिव्ह्यू टाकला. चार स्टार. काम एक नंबर, काकांनी जुनी कॉइल दाखवून काय जळलं ते समजावलं, पैसे आधी सांगितले तेवढेच घेतले, पण दुपारी बंद असतं, एक स्टार त्याचा कमी. मी दुकानात जाऊन वाचून दाखवलं. मामा मशीनवर होता, डावा हात वर केला, मी थांबले. फेरे पूर्ण झाले, वायर तोडली, टोकाला गाठ मारली, मग म्हणाला परत वाच. परत वाचलं. म्हटलं, उत्तर काय लिहू?

"लिही," मामा म्हणाला, "धन्यवाद. दुपारी झोपतो. साडेतीनला या."